जेट्टीच्या पाइपांच्या वेल्डला तडे जातायत. जास्त ताकदीचं स्टील वापरलं तर थांबतील का?

नाही थांबणार. तडा सुरू होतो वेल्डच्या कडेला, आणि तिथल्या बारीक खाचेला स्टीलचा ग्रेड कळत नाही. आयुष्य ठरतं दर लाटेसरशी होणाऱ्या ताणाच्या चढउतारावर, तेही साधारण घनाच्या हिशेबाने: चढउतार निम्मा केलात तर आयुष्य जवळपास 8 पट. त्यामुळे ग्रेडवर पैसे घालण्यापेक्षा जाडी वाढवा आणि वेल्डची कडा ग्राइंडरने घासून घ्या. घासल्याच्या रेघा मात्र ताणाच्या दिशेने हव्यात, आडव्या राहिल्या तर केलं ते पाण्यात.

एका मोठ्या लाटेवर हिशेब करू नका. पावसाळ्यात रत्नागिरीकडे 8-10 सेकंदांना एक लाट धरली तरी दिवसाला दहाएक हजार होतात. लहानमोठ्या सगळ्यांचं नुकसान बेरजेत घ्या. आणि गंजापासून वाचवायला लावतात ते झिंकचे अॅनोड (पाइपाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) पाण्याखालीच काम करतात, शिंतोडे उडतात त्या पट्ट्याला चांगलं कोटिंगच लागतं.