पेज वाचून एक तरी चक्कर वाचली पाहिजे

मागे मी एवढंच म्हटलं होतं की ग्रामपंचायतीच्या, तहसीलच्या नाहीतर झेडपीच्या साइटवर जे लोक मजकूर टाकतात त्यांनी आपापले प्रश्न पाठवा. काय सांगू बापा, ढीग आला. मी स्वतः बारा वर्षं सेतूच्या खिडकीत बसलेली बाई, त्यामुळे साइट कशी दिसते याच्याशी मला फार घेणंदेणं नाही. ती वाचून माणसाची एक चक्कर वाचली का, एवढंच मी पाहते. त्याच मापाने ही उत्तरं.

प्रश्न : ताई, मी ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे, यवतमाळ जिल्हा. निराधार योजनेची माहिती साध्या भाषेत टाइप केली तर साहेब म्हणाले हे काय पेपर आहे का, जीआरमध्ये जशी भाषा आहे तशीच टाक, उद्या कोणी कोर्टात गेलं म्हणजे? आता काय करू?

साहेबांची भीती अगदीच खोटी नाही. जीआरमधला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो. पण तुम्ही जीआर बदलूनच नाही राहिले ना. पेजच्या खाली जीआरची लिंक द्या, त्याचा संकेतांक द्या, ज्याला कोर्टात जायचं आहे तो तिथून जाईल. वरचं पेज आहे ते त्या बाईसाठी जी सकाळच्या एसटीनं तालुक्याला येणार आहे आणि जिची त्या दिवसाची मजुरी बुडणार आहे.

आता साहेबांना आवडणारं वाक्य घ्या : "अर्जदाराने विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करणे बंधनकारक राहील." मी हे वाक्य एकदा आमच्या शेजारच्या मावशीला मोठ्यानं वाचायला लावलं होतं. चौथी शिकलेली बाई, पोथी घडाघडा वाचते, पण 'विहित'पाशी थांबली आणि म्हणाली, हे विहिरीचं आहे का? आणि खरं सांगते, तिचं काहीच चुकलं नाही. कोणता फॉर्म, कोणती कागदं, कोण साहेब, कुठे बसतात, हे चारही प्रश्न त्या वाक्यातून निघतात आणि उत्तर एकाचंही सापडत नाही.

मी असं लिहीन : "घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर अर्ज करता येतो. दिव्यांग असाल तर ही मर्यादा ५० हजार आहे. अर्ज तहसील ऑफिसमध्ये संजय गांधी शाखेत द्या. सोबत उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि महाराष्ट्रात १५ वर्षांपासून राहत असल्याचा दाखला आणा. ओरिजनल दाखवायला आणा, झेरॉक्स द्यायला आणा." शेवटची ओळ कोणत्याच जीआरमध्ये तुम्हाला अशी सापडणार नाही, पण सेतूवरून परत गेलेले अर्धे लोक त्या एका ओळीपायी परत गेलेले मी पाहिले आहेत. आणि दिव्यांगांची मर्यादा मी मुद्दाम ठेवली, कारण सोपं करायच्या नादात अटच गाळून टाकली तर ते सोपं नाही, ते चुकीचं. तिथे साहेब बरोबर आहेत.

तरी ऐकले नाहीत तर माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ उघडून पोटकलम ४ दाखवा. माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात जास्त पोचणारी पद्धत लक्षात घ्यायची, असं कायदाच म्हणतो.

प्रश्न : आम्ही सगळी परिपत्रकं स्कॅन करून पीडीएफ टाकतो तरी लोक म्हणतात साइटवर काहीच नाही. (तहसीलमधला क्लार्क, बुलडाणा जिल्हा)

भाऊ, लोकांसाठी ते नसल्यासारखंच आहे. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्याच्यात 'अतिवृष्टी' शंभर वेळा लिहिलेलं असू दे, सर्च केलं तर बहुतेक वेळा ते सापडतच नाही, कारण कॉम्प्युटरला तिथे अक्षर नाही, काळे डाग दिसतात. ज्याला डोळ्यानं दिसत नाही तो फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय, लावून ऐकतो, त्याला त्या पानावर काहीच ऐकू येत नाही. आणि वावरात उभा राहून दोन काड्यांच्या नेटवर्कवर वीस एमबीची फाइल उघडून पाहा एकदा, ती गोल फिरणारी चकरी पाहता पाहता बैल घरी निघून जातात.

दुसरी भानगड फॉन्टची, ही जास्त खोल आहे. कितीतरी ऑफिसांत अजून कृतीदेव नाहीतर तसलेच जुने फॉन्ट चालतात. कृतीदेवमध्ये तुम्हाला स्क्रीनवर 'का' दिसतं ना, आतून ते इंग्रजी डी आणि के असतं, फॉन्टनं फक्त त्याला मराठीचा शर्ट घातलेला. तोच मजकूर कॉपी करून साइटवर पेस्ट केला की शर्ट निघतो आणि डी-के, डी-के असा कचरा दिसतो. मग वैतागून माणूस प्रिंट काढतो, सही-शिक्का मारतो, स्कॅन करतो आणि टाकून देतो. म्हणजे टाइप झालेली अक्षरं आपण स्वतःच्या हातानं पुसली! युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे आतूनही मराठी अक्षरच राहते; एवढा एकच बदल केला तरी अर्धं काम झालं. जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, फक्त जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास गडबड होते. आकडेही तपासा.

सही-शिक्क्याची प्रत लागते म्हणता, तर ठेवा ना, खाली जोडून द्या. पण परिपत्रकात लोकांच्या कामाच्या ज्या चार ओळी असतात त्या पेजवरच टाइप करा. सरकारी साइटसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि दिव्यांगांना साइट वापरता आली पाहिजे हे त्यांच्यात स्पष्ट आहे. तेव्हा हे काही माझ्या मनचं नाही.

प्रश्न : साहेब म्हणतात दाखला किती दिवसांत मिळेल ते लिहू नका, लोक येऊन भांडतात.

भांडतात म्हणूनच लिहायचं! लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे सेवेची यादी, मुदत, फी, फॉर्म, काम कोणत्या अधिकाऱ्याचं, पहिलं अपील कोणाकडे आणि दुसरं कोणाकडे, हे ऑफिसच्या बोर्डावर आणि साइट असेल तर साइटवर लावायचंच आहे. कारण नसताना उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे साहेबांना तुम्ही नका सांगू, फक्त त्यांच्या टेबलावर ठेवून या.

प्रश्न : तलाठी लिहू का ग्राम महसूल अधिकारी? आणि वऱ्हाडीत लिहिलं तर चालेल का? (दोन वेगळ्या वाचकांचे प्रश्न, उत्तर एकच म्हणून जोडले)

२०२४ मध्ये पदाचं नाव बदललं, ग्रामसेवकाचंही ग्रामपंचायत अधिकारी झालं, ते मान्य. पण गावात आजही तलाठीच म्हणतात आणि मोबाइलवर शोधतानाही तलाठीच टाइप करतात. म्हणून पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे "ग्राम महसूल अधिकारी म्हणजे आपले तलाठी" असं लिहून मोकळे व्हा. शब्द ज्याच्या तोंडात आहे त्याच्या तोंडचा घ्या. 'भूमी अभिलेख उतारा' नाही, सातबारा. 'शिधापत्रिका' लिहा, पण बाजूला राशन कार्ड पण लिहा.

वऱ्हाडीचं म्हणाल तर मला स्वतःला लई आवडेल, पण सगळं पेज तसं नका लिहू. बोलतो आपण वऱ्हाडी, पण वाचायची सवय शाळेतल्या मराठीची आहे, 'काहून'सारखा शब्द छापलेला दिसला की लोकांना वाटते कोणी मजाक करून राहिलं. आणि भंडारा-गोंदियाकडचा माणूस वऱ्हाडी बोलतच नाही, त्याची झाडीबोली आहे. साधी मराठी, छोटी वाक्यं, आपल्याकडचे शब्द. वावर लिहा, कास्तकार लिहा, त्याला कोणी हसत नाही.

प्रश्न : मी मेळघाटात शिक्षक आहे. पालक कोरकू बोलतात. साइटवर मराठीचं ऑटोमॅटिक भाषांतर लावलं तर?

सर, कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली वेगळीच भाषा आहे, तेव्हा मशीननं काही काढून दिलं तरी कोरकू येणाऱ्या दोन-तीन माणसांनी वाचल्याशिवाय ते लावू नका. 'नाही'चं 'होय' झालं तर धारणीहून घाट उतरून अमरावतीला आलेला माणूस काय करेल? माझं ऐकाल तर दोन मिनिटांचा ऑडिओ करा, गावातल्याच एखाद्या बाईच्या आवाजात, आणि तो व्हॉट्सअॅपवर फिरू द्या. मराठी पेज तरी पण नीट लिहा, कारण ते आशाताई नाहीतर तुमचाच एखादा विद्यार्थी घरी वाचून समजावून सांगणार आहे. वाचून दाखवणारा जिथे अडखळतो तिथे ऐकणाऱ्याचं काम अडते.

प्रश्न : साइटवर अजून जुन्या साहेबांचा नंबर आहे, बदली होऊन दोन वर्षं झाली.

पदाचं नाव आणि ऑफिसचा नंबर लिहा, माणसाचं नाव आणि त्याचा मोबाइल नको. पेजवर "शेवटचा बदल" अशी तारीख टाका. निराधारचे पैसे १,००० चे १,५०० झाले तेव्हा जुना आकडा किती ठिकाणी तसाच राहिला, आणि लोकांना वाटलं मधले पाचशे कोणी खाल्ले.

प्रश्न : लिहिलेलं लोकांना समजलं का हे कसं पाहायचं? आमच्याकडे पैसे नाहीत.

चहाचे पैसे आहेत ना? सेतूवर रांगेत बसलेल्या तीन-चार जणांना फोन द्या, एक काम सांगा, आणि आपण तोंड बंद ठेवा. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे, मला अजून जमत नाही.

एकदा एका ऑफिसासाठी मी वारस नोंदीचं पेज लिहिलं होतं, मला वाटे की मस्त झालं. एका काकांना दिलं, त्यांचे वडील वारलेले, कामही तेच होतं. काकांनी वरचे फोटो सरकवले, खाली गेले, परत वर आले, 'वारस नोंद' अंगठ्याखालून दोनदा निघून गेलं तरी दाबलं नाही. मग म्हणाले, "याच्यात माझं काहून नाही?" मी विचारलं, तुम्ही काय शोधून राहिले? तर म्हणे, "बाबाचं वावर माझ्या नावावर करायचं आहे." झालं, हेडिंगच चुकलं होतं. ते काढून मी लिहिलं, "वडील वारले, वावर नावावर करायचं आहे", आणि वारस नोंद हा शब्द त्याच्या खालच्या ओळीत नेला, कारण फॉर्मवर तोच शब्द असतो, तो माहीत पाहिजेच. नंतर आलेल्या दोघांनी सरळ तिथेच बोट ठेवलं.

काका चहा पिऊन निघाले, फोन परत देता देता म्हणाले, "पण बाई, मृत्यूचा दाखला ओरिजनल लागते का झेरॉक्स चालते, हे नाही लिहिलं तुम्ही."

त्यांना म्हटलं, थांबा दोन मिनिटं, आणि तिथेच स्टुलावर बसून ती ओळ टाकली.