लायसन्सची घाई नको, गाडीचं मात्र आधी ठरवा

पुण्याहून बंगळुरूला बदली, एमएच-१२ ची गाडी सोबत, तिच्यावर कर्ज बाकी, आणि प्रश्न असा की लायसन्स आणि आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) दोन्ही जाताक्षणी बदलायची का. या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरा, निम्मा घोळ तिथेच मिटतो.

लायसन्स देशभर चालतं. पत्ता बदलायचा असेल तर नव्या घराचा पुरावा जोडून सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज करा. नूतनीकरणही कुठल्याही आरटीओत होतं. फक्त मुदत संपून वर्ष उलटू देऊ नका, नाहीतर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

खरा प्रश्न गाडीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलीत तरच तिथला नंबर घ्यावा लागतो. हे महिने गाडी तिथे पोहोचल्यापासून मोजायचे, तुमच्या जॉइनिंगपासून नाही. म्हणून ती कधी आली याचा कागद हवा. ट्रकवर चढवून पाठवलीत तर बिल्टी (वाहतूकदाराची पावती), चालवत नेलीत तर टोलच्या नोंदी. एमएचची पाटी दिसली की चौकात बाजूला घेतात, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

तुमची बदली वर्षभराची आहे की कायमची, हे कळेपर्यंत एनओसीच्या (जुन्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याच्या) वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. ती निघाली की जुन्या आरटीओतली बाकीची कामं अडतात, आणि बेत फिरला तर ती रद्द करायला वेगळा खटाटोप. शिवाय कर्नाटकाचा आजीवन कर आपल्यापेक्षा चढा आहे. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होत जातो, तरी रक्कम एकदम भरायची असते. कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर आधी बीएच मालिकेचं (देशभर चालणाऱ्या ‘भारत’ नंबरचं) बघा. डिसेंबर २०२२ पासून आधीच नंबर असलेल्या गाड्यांनाही ती घेता येते. कर दोन-दोन वर्षांचा, पुढच्या बदलीला हे सगळं नको. कंपनीचा दाखला फॉर्म ६० वर लागतो. मात्र या कराची तारीख चुकली तर दिवसाला १०० रुपयांप्रमाणे दंड चढतो.

कायमचंच जायचं असेल तर सुरुवात बँकेपासून. गाडी हायपोथिकेटेड (कर्जापोटी बँकेकडे तारण) असताना बँकेच्या पत्राशिवाय एनओसीचा अर्ज पुढे सरकत नाही. दोन-चार हप्तेच उरले असतील तर कर्ज फेडून, फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवणं सोपं. ई-चलान शून्यावर आणा. मग एनओसीसाठी फॉर्म २८.

त्यावर चेसिस नंबरचा ठसा लागतो. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या सीटखाली, कार्पेटची झडप उचलली की सापडतो. आधी फडक्याने धूळ पुसायची, पातळ कागद घट्ट धरून शिसपेन्सिल आडवी फिरवायची. पेन्सिल मऊ घ्या, कडक असली तर ८ आणि ३ सारखेच उठतात आणि खिडकीवरून कागद परत येतो. दोन-तीन ठसे जास्तीचे काढून ठेवा.

एनओसीवर कुठल्या आरटीओसाठी ते लिहिलेलं असतं. बंगळुरूत आरटीओ बरेच आहेत, तेव्हा घराचा भाडेकरार पक्का झाल्यावरच अर्ज करा. नुसतं ‘बंगळुरू’ समजून कुठलंतरी टाकलंत तर तिथे दारातूनच परत पाठवतील. योग्य ठिकाणी फॉर्म २७ द्यायचा, गाडी दाखवायची, कर भरायचा. नंबर आला की नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी, विम्यात नोंद आणि फास्टॅगला नवा नंबर. पुणे-बंगळुरू दोन्ही विम्याच्या ‘ए’ झोनमध्येच येतात, त्यामुळे झोनपायी हप्ता वाढणार नाही.

आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळतो, तो सोडू नका. नव्या आरसीची प्रत, कर्नाटकात कर भरल्याची पावती, रद्द केलेला चेक आणि मूळ कराची पावती घेऊन अर्ज पुण्यातच करायचा. ही मूळ पावती सामान बांधताना हमखास हरवते, आजच फोटो काढून ठेवा. पैसे आपोआप येत नाहीत, मागे लागावं लागतं. पुण्यात कोणी भाऊ-मेहुणा असेल तर निघण्याआधी त्याच्या नावाने अधिकारपत्र करून द्या.