वाचकांचे प्रश्न : वाए रेबोची वाट आणि तिथली जमीन

प्रश्न : इंडोनेशियातील वाए रेबो या डोंगरावरच्या गावी कसे जावे? तिथे शेतजमीन कोणाच्या नावावर असते, आणि बाहेरच्याला ती विकत घेता येते का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : हे गाव फ्लोरेस बेटावर आहे. बालीहून विमानाने लाबुआन बाजो, तिथून गाडीने डेंगे आणि पुढे दोन-तीन तासांची जंगलातील चढण, असा हा प्रवास आहे. गाडीरस्ता गावापर्यंत जात नाही. पोहोचल्यावर आधी मुख्य घरात ज्येष्ठांकडून स्वागताचा विधी होतो आणि त्यानंतरच फोटो काढायचे असतात. सात शंकूच्या आकाराच्या, पाच मजली घरांच्या जतनासाठी या गावाला २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार मिळाला.

जमिनीचा विषय अधिक रंजक आहे. तिथल्या मांगराई समाजात ‘लिंगको’ ही सामाईक जमीन कुळाची, म्हणजे एकाच वंशातील कुटुंबांची, असते. मधोमध खुंट रोवून, त्याच्याभोवती बोटांच्या रुंदीने प्रत्येक कुटुंबाचा वाटा मोजतात, आणि तिथून बाहेरच्या कडेपर्यंत बांध ओढत नेतात. म्हणून रुतेंगजवळच्या चानचार येथे टेकडीवरून ही भातशेते कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात. वाटपाचे काम ‘तुआ तेनो’ हा मानकरी करतो. (वीतभर बांधासाठी तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे घालणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर पाहावे.)

विकत घेण्याचे मात्र मनातून काढून टाका : १९६० च्या भूमी कायद्यानुसार जमिनीचा पूर्ण मालकी हक्क परदेशी व्यक्तीला मिळत नाही, त्यामुळे स्थानिकाच्या नावावर व्यवहार करून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत.