लाइक भरपूर येतात, वेबसाइटवर मात्र कुणी फिरकत नाही

नवी वेबसाइट काढलेले लघुउद्योजक माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: रोज पोस्ट टाकतो, लाइक येतात, पण साइटवर कुणी येत नाही. देवगडच्या एका ताईंचं उदाहरण त्यांच्या परवानगीने सांगते, म्हणजे उत्तर नीट कळेल.

ताईंची हापूसची बाग. माल वर्षानुवर्षं वाशीच्या मार्केटला जायचा आणि दलालाकडून येईल ती पट्टी (विक्रीचा हिशोब आणि पैसे) घ्यायची. भाच्याने वेबसाइट करून दिली, थेट घरपोच पेटी पाठवायचं ठरलं. इन्स्टाग्रामवर त्या बागेचे सुरेख फोटो टाकत, लोक ‘तोंडाला पाणी सुटलं’ असं लिहीत, पण ऑर्डर येत नव्हती. रात्री उशिरापर्यंत लाइक बघत बसायची सवय लागली होती. मला म्हणाल्या, “मॅडम, आमचा आंबा लोकांना नकोच असेल. बंद करू का हे सगळं?”

मी म्हटलं, “ताई, आंब्याचं नंतर बघू, आधी फोन द्या.” प्रत्येक पोस्टखाली वेबसाइटचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता. त्यावर बोट ठेवायला सांगितलं. काहीच उघडलं नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लिंक चालते ती बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत (2023 पासून तिथे पाच लिंक देता येतात) आणि स्टोरीच्या लिंक स्टिकरवर. मग तीच लिंक मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लावली, तर सोबत ना फोटो, ना नाव. अशा लिंकवर आजकाल शहाणा माणूस बोट ठेवत नाही. भाच्याने दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या.

एवढ्याने वाट मोकळी झाली, पण म्हणून लोक चालू लागतील असं नाही. रील बघणारा माणूस ते सोडून तुमच्या साइटवर का येईल? सुंदर फोटो पाहून त्याचं समाधान तिथल्या तिथे होतं, तो लाइक देऊन पुढे जातो. त्याला पडलेला प्रश्न साइटवर सुटत असेल, तरच तो येतो.

म्हणून विचारलं, “गिऱ्हाईक फोनवर काय विचारतात?” ताई लगेच म्हणाल्या, “पेटी आली, फळं हिरवीच आहेत, फ्रिजमध्ये ठेवू का?” याचं उत्तर त्या सीझनभर पुन्हा पुन्हा टाइप करत होत्या. एक मेसेज मला दाखवला: ‘पेटी उघडून फळं गवतातच हवेशीर जागी ठेवा. पिकेपर्यंत फ्रिज नको. रोज हळुवार हात लावून बघा. वास सुटला, फळ मऊ लागलं की खायला काढा.’ मला तो त्यांच्या सगळ्या पोस्टपेक्षा मोलाचा वाटला. त्याचंच फोटोंसह एक पान केलं. दुसरं पान ‘खरा देवगड कशावरून’ याचं: हापूसला 2018 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, कार्बाइडने फळ पिकवायला असलेली कायद्याची बंदी, आणि साका, म्हणजे गर आतून खराब होण्याचा दोष. साका वरून दिसत नाही, निघाला तर आम्ही फळ बदलून देऊ, असं ताईंनी स्वतःहून लिहिलं. रीलमध्ये आता हातातलं हिरवं फळ आणि तो प्रश्न एवढंच असतं. उत्तरासाठी बायोतली लिंक.

सुरुवात मात्र जुन्या गिऱ्हाइकांपासून केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र पाठवायची सोय) 256 जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पेटीत नंबराची चिठ्ठी घालायला लावली. अनोळखी सोसायट्यांच्या ग्रुपवर लिंक टाकायला मी मना केलं. फॉलोअर विकत देतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणायला सांगितलं, कारण त्या खात्यांमागे आंबा घेणारं माणूस नसतं. अशा खरेदीत पैसे घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

प्रत्येक ठिकाणासाठी लिंकला वेगळी यूटीएम खूण, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी शेपटी, जोडली. तसं केलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले बरेच जण साइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘डायरेक्ट’, म्हणजे स्वतःहून थेट आलेले, म्हणून दिसतात आणि कष्ट कुठे फळले ते कळत नाही. आकडे आठवड्यातून एकदाच बघायचे, तेही भेटी आणि ऑर्डरचे. रात्री फोन दुसऱ्या खोलीत.

जुन्या गिऱ्हाइकांनी फळं पिकवण्याचं ते पान मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना पाठवलं आणि नव्या ऑर्डर जास्त करून तिथूनच आल्या. इन्स्टाग्रामवरून थोडेच आले. काही माल अजून वाशीला जातो, सगळा थेट विकायला आणखी एखादा सीझन लागेल, हे ताईंनाही मान्य आहे. तोवर साइटवर नंबर नोंदवायची सोय केली आहे. पुढच्या सीझनची पहिली काढणी झाली की आधी त्या यादीला कळवायचं ठरलंय.