टार्गेट शूटिंगच्या छंदासाठी ३५० डॉलरच्या आत .२२ पिस्तूल घ्यायचं आहे. टॉरस टीएक्स २२ कसं आहे? आणि स्वस्त पिस्तूल पारखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड नुकतंच आलंय, हेतू फक्त शनिवार-रविवारी रेंजवर जाऊन कागदावर नेम साधण्याचा आहे, स्वसंरक्षण वगैरे डोक्यात नाही आणि दुकानदार टीएक्स २२ पुढे करतोय. मी ओहायोत राहतो, बरीच वर्षं हा छंद आहे, म्हणून लिहितो.

टीएक्स २२ वाईट पिस्तूल नाही. त्या किमतीत तर नाहीच. पण नुसता कागदावर नेम धरायचा असेल तर मी माझे पैसे स्मिथ अँड वेसनच्या एसडब्ल्यू २२ व्हिक्टरीवर लावीन, नाहीतर वापरलेल्या रूगर मार्क मालिकेवर. व्हिक्टरी तुमच्या बजेटच्या थोडी वर जाईल, सवलतीत मिळाली तर बसेलही.

टीएक्स २२ हे २०१९ मध्ये आलेलं, दिसायला हल्लीच्या नाइन एमएमसारखं पिस्तूल आहे. पॉलिमरची फ्रेम, वरची स्लाइड मागे-पुढे होणारी, मॅगझिनमध्ये १६ गोळ्या. नेम धरायच्या दोन्ही साइट त्या स्लाइडवर बसवलेल्या. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर साइट नळीपासून सुटून मागे जातात आणि परत येऊन बसतात. दर वेळी अगदी त्याच जागी बसतील याची खात्री स्वस्त पिस्तुलात कोण देणार? व्हिक्टरी किंवा रूगरची रचना वेगळी आहे. नळी आणि तिच्या मागचा भाग एकमेकांना घट्ट जोडलेले, साइट त्याच्यावर पक्क्या आणि हलतो तो फक्त आतला बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा पोलादी ठोकळा. सात यार्डांवर हा फरक तुम्हाला दिसणारही नाही. पंचवीस यार्डांवर दिसतो. टॉरसने पुढे टीएक्स २२ चं कॉम्पिटिशन मॉडेल काढलं, त्यात स्लाइडचा वरचा भाग कापून रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) नळीवर बसवायची सोय केली, ती याचसाठी. पण त्याला पैसे जास्त पडतात.

दुसरं वजन. टीएक्स २२ रिकामं जेमतेम अर्धा किलो आहे, व्हिक्टरी जवळपास एक किलो. नवीन माणसाला वाटतं हलकं बरं. .२२ ही छोटी गोळी, तिला धक्का असा नसतोच, त्यामुळे वजन धक्का सोसायला लागत नाही, ते लागतं चाप ओढताना नळी जागच्या जागी राहायला. हलक्या पिस्तुलाचं तोंड बोटाच्या प्रत्येक हालचालीबरोबर डुलतं. मात्र एक किलो हात लांब करून धरणं सगळ्यांच्या खांद्याला झेपत नाही. घरातलं दुसरं कोणी वापरणार असेल तर त्यांच्या हातात देऊन बघा, मग ठरवा.

आता चाप, म्हणजे ट्रिगर. स्वस्त पिस्तुलात कंपनी पैसे वाचवते ते बहुतेक इथेच. दुकानात पिस्तूल हातात घेतलं की आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीमागची काडतूस बसायची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि चाप कोरडा, म्हणजे काडतूस न भरता, ओढू का, हे विचारा. परवानगी मिळाली तर सुरक्षित दिशेला धरून अगदी सावकाश ओढा. आधी थोडी ढिलाई लागेल, मग एक अडसर लागेल, मग सुटेल. ढिलाई असली तरी चालते. अडसरापासून सुटेपर्यंत खरखर, सरकत सरकत जाणं असेल तर ते नेमाला मारक. आणि सुटल्यावर बोट पुढे किती धावतं तेही पाहा. टीएक्स २२ चा चाप या किमतीत खरंच चांगला आहे, पण तो साधारण दोन किलोच्या वर ओढावा लागतो. ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात नियमाने चापाचं किमान वजन एक किलो आहे, यावरून अंदाज येईल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात, आणि गोळी हीच, .२२ लाँग रायफल. त्या पिस्तुलांची किंमत मात्र विचारू नका.

परवानगी विचारायचं कारण शिष्टाचार एवढंच नाही. .२२ सारख्या रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या मध्यभागी नसतो, कडेच्या पोकळ काठात भरलेला असतो. चाप सुटला की पिस्तुलातली पिन त्या काठावर आपटते. चेंबरमध्ये काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठाच्या पोलादावर आपटते आणि हळूहळू तिथे खळगा पडतो. मग गोळी सुटल्यावर मागे उरलेली पुंगळी नीट बाहेर येत नाही. घरी चापाचा सराव करायचा असेल तर होम डेपोत ड्रायवॉलचे पिवळे प्लास्टिक अँकर मिळतात, ते चेंबरमध्ये नीट बसतात आणि पिनचा मार खातात. त्याआधी पिस्तुलाचं मॅन्युअल वाचा आणि सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस ठेवू नका. वापरलेलं पिस्तूल घेताना तर बारीक टॉर्च घेऊनच जा आणि चेंबरचा काठ बघा. तिथे ठोका पडलेला दिसला तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

एवढं झालं तरी पारख अर्धीच झाली. स्वस्त .२२ ची खरी परीक्षा गोळ्यांवर होते. हे काडतूस १८८७ पासून आहे आणि मुळात फारसं बदललेलं नाही: मेण लावलेलं शिशाचं टोक, पातळ पितळी पुंगळी. पिस्तूल चालतं ते ब्लोबॅकवर, म्हणजे पुंगळीच्या मागे येणाऱ्या जोरानेच बोल्ट किंवा स्लाइड मागे ढकलली जाते. जोर कमी पडला की पुंगळी अर्धी बाहेर येऊन अडकते. तोच कारखाना, तेच मॉडेल, तरी एका पिस्तुलाला एक गोळी मानवते आणि शेजाऱ्याच्या पिस्तुलाला दुसरी. या बाबतीत .२२ पिस्तूल म्हणजे जेवायला नखरे करणारं पोर.

म्हणून एकाच प्रकारच्या पाचशे गोळ्यांचा मोठा डबा आधीच घेऊ नका. चार-पाच प्रकारची पन्नास किंवा शंभरची एकेक डबी घ्या. त्यात एक स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे साधारण वेगाची असावी, उदाहरणार्थ सीसीआय कंपनीची, तिच्या डबीवर सेकंदाला १०७० फूट लिहिलेलं असतं. एक त्यांचीच मिनी-मॅग असावी, ती १२३५ फुटांची. बाकी दुकानात मिळतील त्या. सर्वसाधारण अनुभव असा की स्लाइडवाल्या पिस्तुलांना जोरदार गोळी लागते, व्हिक्टरी-रूगरसारखी पिस्तुलं स्टँडर्डवरही चालतात आणि स्टँडर्डचे गट (कागदावरच्या छिद्रांचे घोळके) बहुतेक वेळा लहान पडतात. पण हा नियम नव्हे. तुमचं पिस्तूल काय म्हणतं ते महत्त्वाचं.

रेंजवर जाताना तुमच्याकडच्या मॅगझिनवर मार्करने १, २ असे आकडे लिहा. गोळी अडकली की कोणत्या मॅगझिनमधली, कोणत्या डबीतली, ते लिहून ठेवा. पिस्तूल खराब म्हणून परत करणाऱ्या कित्येकांचं फक्त एक मॅगझिन खराब असतं.

चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही, तर पिस्तूल टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबा, क्वचित गोळी उशिरा सुटते. मग काडतूस काढून त्याचा काठ बघा. पिनचा ठोका खोल, ठसठशीत असेल आणि तरी सुटली नसेल, तर दोष काडतुसाचा. त्या जागी मसालाच पोचला नसणार. ठोका हलका, नुसता ओरखडल्यासारखा असेल, तर पिस्तुलाकडे बघा: चेंबरमध्ये मेण आणि काजळी साचून काडतूस पूर्ण आत बसलेलं नसेल, किंवा पिनला जोर कमी पडत असेल. ठोका हलका, तोही वेगवेगळ्या कंपन्यांच्या काडतुसांवर, आणि पिस्तूल स्वच्छ, असं असेल तर ते वॉरंटीत परत पाठवायचं, यूट्यूब बघत स्वतः घासायला बसायचं नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडणं धोक्याचं.

अचूकतेची परीक्षा उभं राहून घेऊ नका, ती तुमची परीक्षा होईल. बाकावर बसा, वाळूची पिशवी हाताखाली घ्या, पंचवीस यार्ड आणि प्रत्येक प्रकारच्या दहा-दहा गोळ्या. दहा. तीन गोळ्यांचा सुंदर गट पाडून फोटो टाकणारे पुष्कळ आहेत, चौथी कुठे गेली ते सांगत नाहीत. वर म्हटलेल्या २५ मीटरच्या स्पर्धेत अचूकतेच्या फेरीचं जे टार्गेट असतं, त्यातलं दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं आहे. पंचवीस यार्ड त्याहून किंचित जवळच. साडेतीनशे डॉलरच्या पिस्तुलाने पिशवीवरून दहातल्या आठ-नऊ गोळ्या एवढ्या वर्तुळात टाकल्या तर मी खूश. टीएक्स २२ कडून मी त्यापेक्षा सैल गटाची अपेक्षा ठेवीन, आणि डबे-बाटल्या पाडायच्या मजेत ते दुखणार नाही.

रूगर म्हणालो ते अशासाठी की १९४९ मध्ये रूगर कंपनी सुरू झाली तीच ३७.५० डॉलरच्या .२२ पिस्तुलावर, आणि आजचं मार्क फोर त्याच वंशातलं. वापरलेलं मार्क टू किंवा मार्क थ्री बजेटमध्ये मिळू शकतं आणि नेमाला उत्तम असतं. त्रास एकच: साफ करायला खोललं की परत जोडणं. घोड्याला जोडलेली एक बारीक दांडी स्प्रिंगच्या खोबणीत बरोबर टेकली पाहिजे, त्यासाठी पिस्तूल वर-खाली तिरकं करत बसावं लागतं, आणि नाही टेकली तर सगळं अर्ध्यावर अडून राहतं. २०१६ च्या मार्क फोरने मागे एक बटण देऊन हा ताप संपवला. फक्त १ जून २०१७ च्या आधी बनलेली मार्क फोर सुरक्षेच्या कारणाने कंपनीने परत मागवली होती: सेफ्टी अर्धवट असताना चाप ओढला गेला तर पुढे गोळी सुटण्याचा धोका होता. जुनं घेताना सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तपासा.

आणखी स्वस्तात जायचं तर रूगर रँग्लर. सहा गोळ्यांचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने ओढायचा. साइट सरकवून जुळवता येत नाहीत. पण ब्लोबॅकची भानगड नसल्याने मिळेल ती गोळी पचवतं, आणि हळू चालत असल्याने खिसाही हळू रिकामा होतो.

पूर्ण साडेतीनशे पिस्तुलातच घालवू नका. कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण त्याच दिवशी घ्या. .२२ पिस्तुलाचाही आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कुलपाची पेटी घ्या, घरात मुलं असोत वा नसोत. गोळ्यांत शिसं असतं, त्यामुळे रेंजवरून आल्यावर थंड पाण्याने आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावू नका. आणि विकत घेण्याआधी एखाद्या रेंजवर भाड्याने घेऊन टीएक्स २२ आणि व्हिक्टरी दोन्ही चालवून बघा. एकट्याने पहिल्यांदाच जाणाऱ्याला काही रेंज भाड्याने देत नाहीत, तेव्हा सोबत कोणीतरी न्या.

कायद्याचं थोडक्यात. ग्रीन कार्डधारकाला संघराज्याच्या कायद्याने खरेदीची मुभा आहे, डीलरकडून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं. खरेदीच्या वेळचा संघराज्याचा फॉर्म ४४७३ भरताना ग्रीन कार्डवरचा यूएससीआयएस नंबर लागेल, आणि ओळखपत्रावरचा पत्ता सध्याचाच हवा. गांजा तुमच्या राज्यात चालत असला तरी त्या फॉर्मवर चालत नाही. एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास ठाऊक नसते: एच-१बी, एफ-१ किंवा बी-२ सारख्या व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या वैध परवान्यासारखे ठराविक अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यात येतं. म्हणजे भारतातून आई-बाबा आले की हौसेने त्यांच्या हातात पिस्तूल देऊ नका, व्हिसावरच्या मित्राच्याही नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

तुमचं राज्य कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. न्यू जर्सीत असाल तर प्रत्येक पिस्तुलासाठी आधी पोलिसांकडून खरेदीचा परमिट काढावा लागतो आणि मॅगझिन दहाच गोळ्यांची चालते, म्हणजे १६ गोळ्यांचं टीएक्स २२ तसंही बाद, दहावालं बघावं लागेल. न्यूयॉर्कमध्ये लायसन्सशिवाय पिस्तूल घरातही ठेवता येत नाही. कॅलिफोर्नियात दुकानदार राज्याच्या यादीतलीच नवी पिस्तुलं विकू शकतो, आणि तिथेही मॅगझिन दहाचीच. राज्य सांगा, म्हणजे यातलं काय लागू होतं ते बघून खाली लिहितो.