उत्पादन बंद झालेला चेनसॉ सवलतीत घ्यावा का?
आंबा-काजूच्या बागेतील छाटणी आणि वाऱ्याने पडलेली झाडे तोडणे एवढेच काम असेल, तर उत्पादन बंद झालेल्या मॉडेलचा कोरा चेनसॉ घेण्यास हरकत नाही. मात्र सवलतीआधी सुट्या भागांचा विचार करावा. साखळीची चिंता नसते, कारण पिच (कड्यांमधील अंतराचे माप; ३/८ किंवा ०.३२५ इंच), ड्राइव्ह लिंकची म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी (गेज) आणि त्यांची संख्या जुळली की दुसऱ्या कंपनीची साखळीही चालते. खरी अडचण इग्निशन कॉइल, ऑइल पंप आणि सिलिंडर-पिस्टनची असते, कारण हे भाग बहुधा ठरावीक मॉडेलपुरतेच बनतात. त्यामुळे नव्या मॉडेलला तेच भाग लागतात का, याची चौकशी सेवा केंद्रात करावी (विक्रेता ‘सगळे मिळते’ असेच सांगणार). यंत्र काही वर्षे गोदामात पडून असल्यास इंधनाची रबरी नळी आणि कार्बोरेटरचा पडदा कडक झालेला असू शकतो, म्हणून ते दुकानातच सुरू करून साखळीला तेल पोहोचते का, हे पाहावे. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून मोजली जाईल, असे बिलावर लिहून घ्यावे. चेन ब्रेकच (यंत्र अचानक उसळल्यास साखळी थांबवणारी यंत्रणा) नसलेले जुने मॉडेल मात्र कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नये.