वाचकांचे प्रश्न : गुडघ्यातील सेन्सर आणि शस्त्रक्रियांची तुलना

प्रश्न : मी ६८ वर्षांची असून सध्या न्यू जर्सीत मुलाकडे राहते. माझा उजवा गुडघा पूर्ण झिजल्यामुळे तो बदलण्याचे ठरले आहे. येथील डॉक्टरांनी आत सेन्सर बसवलेला कृत्रिम सांधा सुचवला आहे. त्यांनी दाखवलेल्या आलेखात रोबोच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झालेले रुग्ण सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा जास्त पावले चालताना दिसतात. मुलाच्या मते हा पक्का पुरावा आहे, कारण आकडे यंत्राने मोजलेले आहेत. माझ्या पुण्याच्या जाऊबाईंनी मात्र साध्या पद्धतीने गुडघे बदलून घेतले आणि त्या आज उत्तम हिंडतात-फिरतात. सेन्सरच्या आकड्यांवरून शस्त्रक्रियेची पद्धत निवडावी का?

उत्तर : तुमच्या चिरंजीवांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. यंत्र पावले प्रामाणिकपणे मोजते, यात शंका नाही. परंतु ती पावले शस्त्रक्रियेच्या पद्धतीमुळे वाढली की मुळातच जास्त चालणाऱ्या माणसांमुळे, हे ते यंत्र सांगू शकत नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका तोच आहे.

तुम्हाला सुचवलेला सांधा बहुधा झिमर बायोमेट व कॅनरी मेडिकल या कंपन्यांचा ‘पर्सोना आयक्यू’ असावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला परवानगी दिली. नडगीच्या हाडावर जी धातूची बैठक बसवतात, तिच्या खालच्या दांड्यात गती व दिशाबदल टिपणारे सेन्सर, बॅटरी आणि अँटेना असतात. पलंगाशेजारी ठेवलेले एक लहान उपकरण दिवसभराची नोंद गोळा करून घरच्या इंटरनेटवरून पाठवते. पावलांची संख्या, चाललेले अंतर, चालण्याचा वेग, पावलांची लय, ढांगेची लांबी आणि चालताना गुडघ्याची होणारी हालचाल एवढ्या गोष्टी त्यातून कळतात. यांतील शेवटच्या आकड्याबाबत सावध राहावे. सेन्सर फक्त नडगीत असल्यामुळे गुडघ्याची हालचाल नडगीच्या हालचालीवरून अंदाजाने काढलेली असते, आणि तीही चालतानाची. फिजिओथेरपिस्ट खाटेवर झोपवून कोनमापकाने मोजतात तो वाकण्याचा कोन निराळा. वेदना, रात्रीची झोप, जिना उतरताना वाटणारी धास्ती किंवा सांध्यातील जंतुसंसर्ग यांपैकी काहीही हा सेन्सर ओळखत नाही. त्याच्या परवानगीच्या मजकुरातच असे नमूद आहे की, ही माहिती उपचारांचा निर्णय घेण्यासाठी अभिप्रेत नाही आणि तिच्यामुळे रुग्णाला वैद्यकीय लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. आलेख दाखवताना हे वाक्य सहसा कोणी वाचून दाखवत नाही.

गुडघ्यात सेन्सर बसवण्याची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स क्लिनिकमध्ये २००४ साली भार मोजणारा कृत्रिम गुडघा एका रुग्णात बसवला गेला. पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी पाच रुग्णांमध्ये अशा सांध्यांनी मोजमापे करून २०१० साली प्रसिद्ध केली. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २६१ टक्के, जिना चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के भार येतो, असे त्यांतून दिसले. ‘मला चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो’ ही रुग्णांची जुनी तक्रार त्यामुळे आकड्यांत मांडता आली. त्या सांध्यांचा हेतू गुडघ्यात काय घडते हे समजून घेण्याचा होता, तर आजचे बाजारातील सेन्सर भार मोजत नाहीत, हालचाल मोजतात.

आता तुलनेकडे वळू. हा सेन्सर शस्त्रक्रियेच्या वेळीच शरीरात जातो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ती व्यक्ती किती चालत होती याची नोंद त्याच्याकडे नसते. सहाव्या आठवड्याला अधिक चालणारा रुग्ण मुळातच दहा वर्षांनी लहान, सडपातळ, एकच गुडघा दुखणारा आणि रोज बागेत फेरी मारणारा असू शकतो. नवे तंत्रज्ञान असे रुग्ण आधी स्वीकारतात, किंवा डॉक्टरच ते त्यांना आधी सुचवतात. हुशार मुलांनाच प्रवेश देणाऱ्या शिकवणीवर्गाने निकालाची जाहिरात करावी, तसा हा प्रकार होतो. शिवाय पावलांची संख्या हवामान, नोकरी आणि घराची रचना यांवरही ठरते. जानेवारीत बर्फ पडलेल्या न्यू जर्सीत शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती आणि मे महिन्यात झालेली व्यक्ती यांचे आलेख सारखे येणार नाहीत. त्या मानाने चालण्याचा वेग व ढांगेची लांबी बाहेरच्या परिस्थितीने कमी बदलतात, आणि तुलना करायचीच असेल तर माझ्या मते ती त्यांची करावी.

दुसरी गफलत ‘पद्धत’ या शब्दाखाली तीन वेगळे निर्णय एकत्र केल्यामुळे होते. हाड कापण्याचे साधन कोणते, हा पहिला : हाताची साचेबंद अवजारे, संगणकीय दिशादर्शन की रोबोचा हात. पायाची रेषा कशी ठेवायची, हा दुसरा : खुब्यापासून घोट्यापर्यंत सरळ, की झिजण्यापूर्वी त्या माणसाचा पाय जितका नैसर्गिकपणे वाकडा होता तितका. गुडघ्यापर्यंत पोहोचताना मांडीच्या पुढच्या स्नायूचा स्नायुबंध चिरायचा की स्नायू बाजूला सारून आत जायचे, हा तिसरा. रोबो वापरणारे अनेक डॉक्टर पायाची रेषाही नव्या पद्धतीने ठेवतात आणि त्यांच्याकडे भूल, वेदनाशमन व लवकर उठवून चालवण्याची व्यवस्थाही बहुधा वेगळी असते. मग आलेखातील फरकाचे श्रेय रोबोला द्यायचे की पहिल्याच दिवशी वॉकर हातात देणाऱ्या फिजिओथेरपिस्टला?

ही गुंतागुंत सोडवण्याचा मार्ग एकच आहे : कोणाला कोणती शस्त्रक्रिया मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचे आणि नंतर दोन्ही गटांना एकाच मापाने मोजायचे. दक्षिण कोरियात सुमारे १४०० रुग्णांवर अशी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, आणि सरासरी १३ वर्षांनंतर रोबोच्या व नेहमीच्या शस्त्रक्रियेत गुडघ्याचे कार्य किंवा सांध्याचे टिकणे यांत फरक आढळला नाही. तो रोबो जुन्या पिढीचा होता, हे मात्र ध्यानात ठेवावे. पायाच्या रेषेबाबत निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेतील ८८ रुग्णांच्या चाचणीत नैसर्गिक रेषा ठेवलेल्यांना दोन वर्षांनी वेदना कमी होत्या आणि गुडघा जास्त वाकत होता, तर न्यूझीलंडमधील ९९ गुडघ्यांच्या चाचणीत असा फरक दिसला नाही. या चाचण्यांमध्ये मुख्यतः रुग्णांना प्रश्न विचारून गुण दिले गेले. रोजच्या चालीतील बारीक फरक अशा प्रश्नावलीतून निसटू शकतात, आणि चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीत सेन्सरचा खरा उपयोग तेथेच होईल. तरीही केवळ यंत्राचे खरे मानू नये. कॅनडातील एका मोठ्या पाहणीत गुडघा बदलल्यानंतर जवळपास पाचांतला एक रुग्ण समाधानी नव्हता. असा असमाधानी माणूसही रोज पुष्कळ पावले चालत असू शकतो.

म्हणून साधनापेक्षा डॉक्टरांचा अनुभव विचारा : ज्या पद्धतीने ते तुमची शस्त्रक्रिया करणार आहेत, तशा ते वर्षाकाठी किती करतात? सेन्सरसाठी नडगीत लांब दांडा बसवावा लागतो, तुमच्या हाडाला एरवी त्याची गरज आहे का? जमलेली माहिती कोणाकोणाला दिसेल? या प्रश्नांची उत्तरे पटली तर सेन्सर बसवून घेण्यास माझी हरकत नाही, मात्र त्यामुळे गुडघा लवकर बरा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि आजपासूनच मनगटावर पावले मोजणारे साधे घड्याळ बांधा. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तीन-चार आठवड्यांची नोंद हाती असली, तर नंतरच्या आकड्यांना काही अर्थ येईल.

प्रश्न : नाशिकमध्ये माझे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले, त्याला अडीच महिने झाले. रोबोने एक गुडघा बदललेले शेजारी घड्याळात माझ्या दुप्पट पावले दाखवतात. माझी पद्धत चुकली का? मांडी घालून पूजेला बसणेही अजून जमत नाही.

उत्तर : तुमचे दोन्ही गुडघे एकदम बदललेले आहेत, त्यामुळे भार पेलायला चांगला पाय उरलेलाच नव्हता. एका गुडघ्याच्या रुग्णाशी तुमची तुलना होऊ शकत नाही, मग शस्त्रक्रिया रोबोने होवो अथवा हाताने. चालण्यातील सुधारणा साधारण पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने होते आणि पुढे वर्षभर संथपणे चालू राहते. तुमच्या आकड्यांची तुलना तुमच्याच मागील पंधरवड्याशी करा. आठवड्यातून एकदा, फिजिओथेरपिस्टसमोर, हातांचा आधार न घेता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते तेही मोजून घ्या, कारण मांडीच्या स्नायूंची ताकद पावलांपेक्षा त्यात चांगली कळते.

मांडी घालणे हे पावलांच्या आकड्यात कधीच दिसणार नाही. ते जमेल की नाही हे शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता, सांध्याची रचना आणि नंतरचा व्यायाम यांवर ठरते. आपल्या डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत जमिनीवर बसू नका, पूजेसाठी पाट चौरंगावर ठेवून खुर्ची घ्या. पावले आधी वाढून मग सलग कमी होऊ लागली, पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवा.